औत, माणूस आणि जमीन
दख्खनच्या गांवशेतीच्या साधनांविषयीं कांहीं विचार

नाशिकजवळच्या त्रिरश्मि पर्वतावर, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांत, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि याचे दोन आज्ञालेख कोरलेले आहेत. पहिला त्याच्या राज्यवर्ष १८ मधील आहे. त्यांत गोवर्धन येथील अमात्यास असें कळविलें आहे कीं, पश्चिम कखडी गांवांतील, पूर्वीं ऋषभदत्ताकडे असलेलें २०० निवर्तनें क्षेत्र लेण्यांतील भिक्षूंस दिलें आहे. दुसरा लेख राज्यवर्ष २४ मधील. त्यांत राजा व राजमाता यांच्या नांवें कळविलें आहे तें असें कीं, कखडी गांवीं दिलेलें तें शेत नांगरलें जात नाहीं आणि गांवांत वस्तीही नाहीं. सबब नगराच्या सीमेवर जें राजकीय शेत आहे त्यांतून १०० निवर्तनें भिक्षूंस द्यावीं.

या लेखांचा उपयोग संशोधकांनीं आजवर मुख्यतः क्षहरात व सातवाहन यांच्या कालनिर्णयासाठीं केला आहे, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु आम्हांस त्यांतील एक साधी गोष्ट नेहमीं लक्षणीय वाटत आली. राजानें जमीन दिली, ती सहा वर्षें जागच्या जागीं होती, कोणी ती हिरावून घेतली नव्हती. तरी दान निष्फळ झालें. कारण नांगर नाहीं आणि नांगरणारा नाहीं. आणि त्याहून विशेष हें कीं, दोनशें निवर्तनांच्या बदलीं जें दिलें तें शंभरच. ओस गांवच्या दोनशांपेक्षां वस्तीलगतचीं शंभर बरीं, हा हिशेब राजाच्या दफ्तरास कळत होता आणि भिक्षूंसही कळत असावा. भूमीचें मोल भूमींत नसून तिच्यावर चालणाऱ्या औतांत आहे, याहून अधिक स्पष्ट पुरावा आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

अर्थशास्त्राच्या शालेय पुस्तकांत उत्पादनाचीं साधनें सांगतांना भूमि, श्रम, भांडवल आणि या तिहींचा मेळ घालणारी संयोजनबुद्धि असा क्रम लावलेला असतो. त्यांत भूमि ही मर्यादित, तिची वाढ होऊं शकत नाहीं, म्हणून तिचा विचार आधीं, असें मुलांस सांगण्याची चाल आहे. आमचा मूळ विषय संस्कृत. परंतु लहान गांवच्या शाळेंत शिक्षकास सर्व कांहीं शिकवावें लागतें, त्या न्यायानें हा धडाही आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविला. एके वर्षीं शेतकऱ्याच्या एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, बैल कुठल्या खान्यात घालायचा? तो रानात चरतो, माणसाबरोबर राबतो, आणि आमच्या बापानं तर तो कर्ज काढून आणलाय.” आम्हीं पुस्तकास अनुसरून ‘भांडवल’ म्हणून सांगितलें व पुढें गेलों. मुलाचें समाधान झालें असावें. आमचें झालें नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर समजावें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दख्खनच्या गांवीं दुर्मीळ साधन भूमि हें नव्हतें; दुर्मीळ होतें तें औत, म्हणजे बैल, अवजारें व तीं चालविणारें माणूस मिळून होणारें साधन. त्या काळचे कागद वाचतांना आपण आजची जमिनीची टंचाई त्यांवर लादतों, आणि म्हणून कित्येक आज्ञांचा हेतु आपणांस नीट लागत नाहीं.

ज्यांनीं वैशाखांत तापून भेगाळलेली काळी जमीन पाहिली आहे त्यांस हें सांगणें नलगे कीं ती दोन बैलांस नमत नाहीं. हरळी व कुंदा यांचीं मुळें खोल गेलेलीं असलीं म्हणजे जड लांकडी नांगरास सहा किंवा आठ बैल लावावे लागत. हलक्या माळजमिनींत चार पुरत. कुळवास व पाभरीस मात्र एक जोडी बस्स होई. १९६५ च्या पुढेंमागें, आमच्या लहानपणीं, आठबैली नांगर आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. एक जाणता माणूस रुमण्यावर, आणि पुढच्या जुवावर बैल हांकीत बसलेला पोर. दिवसभर चालून झालेलें काम पाहिलें तर तें फारसें वाटत नसे. कृषिपराशर या संस्कृत ग्रंथांत आठ बैलांचा नांगर धर्म्य, सहांचा उपजीविका करणाऱ्यांचा, चारांचा निर्दयांचा आणि दोहोंचा तर गोभक्षकांचा, अशी प्रतवारी लाविली आहे. आठ बैल एकाच वेळीं जुंपावे असा त्याचा अर्थ नसून पाळीपाळीनें जुंपावे असाही घेतां येईल. शास्त्री मंडळी हें वचन भूतदयेच्या प्रकरणांत घालतात. आम्हांस तें अर्धें भूतदयेचें व अर्धें हिशेबाचें वाटतें. ज्याचा बैल ज्येष्ठांत बसला त्याचें वर्ष बसलें, हें ग्रंथकर्त्यास ठाऊक होतें.

आतां आठ बैल बाळगणारा कुणबी गांवांत असा किती? फार थोडे. म्हणून एकट्या कुणब्याचा नांगर अशी वस्तु बहुधा नसेच. दोघांतिघांनीं आपापल्या जोड्या एकत्र करून क्रमाक्रमानें एकमेकांचीं शेतें नांगरावीं, यास वारंगुळा म्हणत. जेवण घालून शेजाऱ्यांचीं औतें एका दिवसापुरतीं बोलवावीं तें इर्जिक. कोठें सावड म्हणत. हे शब्द आज कोशांत राहिले आहेत. पण या शब्दांवरून एक गोष्ट उघड होते : जमिनीचा धनी एक एकटा असला तरी नांगराचा धनी गट असे. म्हणून गांवांतील माणसाची पत विचारतांना ‘त्याची जमीन किती’ असें न विचारतां ‘त्याचीं औतें किती’ असें विचारीत. दोन औतांचा शेतकरी म्हटलें कीं सर्व समजलें. क्षेत्रमापांतही हीच दृष्टि डोकावते. सरकारी माप पाहिलें तर पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या चौरस म्हणजे पांड, वीस पांडांचा बिघा व १२० बिघ्यांचा चाहूर, असें भूमितीचें आहे. पण दक्षिणेकडे कुरगी हें माप चाले, तें पेरणीच्या अवजारावरून पडलेलें. दफ्तर जमिनीस काठीनें मोजी, गांव औतानें.

इतकें ध्यानांत घेतलें म्हणजे शिवछत्रपतींचें प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें ५ सप्टेंबर १६७६ चें पत्र निराळ्या प्रकाशांत दिसूं लागतें. हें पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरूं नये, हा त्यांतील उपदेश आतां सभांमधून व पाठ्यपुस्तकांतून सर्वतोमुखीं झाला आहे, आणि त्यामुळें एक अनर्थ असा घडला कीं, पत्राचा बाकीचा भाग कोणी वाचीत नाहीं. वास्तविक पत्राचा गाभा पुढेंच आहे. सुभेदारानें गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, आणि ज्याच्याकडे शेत करण्याजोगें माणूसबळ, बैल व दाणे आहेत तो तर आपलें करीतच आहे. पण ज्याला माणूसबळ आहे, कष्टाची उमेद आहे, परंतु बैल नाहीं, पोटास दाणा नाहीं, आणि त्यामुळें जो अडून बसला आहे, त्यास दोनचार बैल घेण्यापुरते पैसे रोख द्यावे, खाण्यासाठीं खंडी दोन खंडी धान्य द्यावें, आणि त्याच्यानें होईल तितकें शेत करवावें. मग त्या पैशांची व धान्याची वसुली वाढीदिढी न घेतां, मुद्दल तेवढें, त्याला तवाना येईल तसतसें हळूहळू करावी. या कामीं दोन लाख लारींपर्यंत खर्च पडला तरी चालेल, पण पडजमीन लागवडीस येऊन दस्त वाढावा. पत्राचा हा सारांश आमच्या शब्दांत दिला आहे. जिज्ञासूंनीं मूळ पहावें.

यांतील साधनांची गणना पहा. माणूस, बैल, दाणे. जमिनीचा उल्लेख शेवटीं येतो, आणि तोही ‘पड’ म्हणून. ज्याला जमीन नाहीं त्यास जमीन द्यावी असें पत्रांत कोठें म्हटलेलें नाहीं. तशी गरजच नव्हती. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. धान्य द्यावयाचें तें खाण्यासाठीं. पेरणीपासून सुगीपर्यंत कुणब्यानें काय खावें, हा शेतीच्या भांडवलाचाच भाग आहे, असें पत्रलेखकानें गृहीत धरलें आहे. अर्थशास्त्री ज्यास खेळतें भांडवल म्हणतात त्यांत मजुराचें पोट मोजावें कीं नाहीं, यावर युरोपांत पुढें मोठे वाद झाले. येथें रायगडच्या कारभारांत तो प्रश्न दोन ओळींत सुटला आहे.

संस्कृताच्या अभ्यासकास हें पत्र वाचतांना कौटिल्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभींच्या जनपदनिवेश प्रकरणांत, नवें गांव वसवितांना राजानें शेतकऱ्यांस धान्य, पशु व हिरण्य देऊन अनुग्रह करावा आणि तीं त्यांनीं आपल्या सोयीनें फेडावीं, असें सांगितलें आहे. तीच तीन साधनें आणि तीच फेडीची सवलत. मात्र येथें आम्ही वाचकांस एक सावधगिरीची सूचना देऊं इच्छितों. अर्थशास्त्राची संहिता शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केली, त्यापूर्वीं ती जवळजवळ लुप्तच होती. तेव्हां १६७६ चें पत्र कौटिल्य वाचून लिहिलें, असा जो सूर आमच्या कांहीं मित्रांच्या व्याख्यानांतून निघतो त्यास आधार नाहीं. दोन हजार वर्षांच्या अंतरानें दोन कारभाऱ्यांनीं एकच तोडगा काढला, याचें कारण दोघांपुढें अडचण एकच होती. परंपरा ग्रंथांची नव्हे, अडचणीची होती.

याच कौटिल्यानें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत आणखी एक प्रमाण देऊन ठेविलें आहे. राजाची जी जमीन सरकारी औतांकडून पेरून होत नाहीं ती अर्धसीतिकांनीं, म्हणजे अर्ध्या वांट्यानें करणाऱ्यांनीं, करावी. आणि स्ववीर्योपजीवी, म्हणजे केवळ अंगबळावर जगणारे, त्यांनीं केली तर त्यांस चौथा किंवा पांचवा हिस्सा. ज्याच्याजवळ बैल व बीज आहे त्यास निम्मा, आणि ज्याच्याजवळ हातांवांचून कांहीं नाहीं त्यास चतुर्थांश अथवा पंचमांश, असाच याचा अर्थ आम्ही घेतों. म्हणजे औताची किंमत माणसाच्या श्रमापेक्षां अधिक नसली तरी तिच्या बरोबरीची खास होती. हा हिस्सा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याकडे पुनः वळावयाचें आहे.

जमीन मुबलक व कसणारा दुर्मीळ, या स्थितींतूनच मराठी कागदांतील कौल व इस्तावा हे प्रकार निघाले. १६३० त मुरार जगदेवानें पुणें उध्वस्त केलें, त्यापाठोपाठ दुष्काळ पडला, आणि पुढें दादोजी कोंडदेवांनीं तो मुलूख पुनः वसविला, तेव्हां पहिल्या वर्षीं नांवाचा सारा घेऊन वर्षानुवर्षें तो चढवीत नेला, असें बखरकार सांगतात. बखरींतील आंकडे आम्ही प्रमाण धरीत नाहीं, पण रीत खरी आहे. पुढील दीडशें वर्षांच्या कौलनाम्यांत ती सर्वत्र आढळते. परागंदा झालेल्या कुळास कौल देऊन परत आणावें, त्याची मागील बाकी तहकूब करावी, पडीचा इस्तावा बांधून द्यावा, या आज्ञा केवळ दयेपोटीं निघाल्या असें मानणें भोळेपणाचें होईल. कूळ उठून शेजारच्या जहागिरींत गेलें तर तेथें त्याचें स्वागतच होत असे, ही धास्ती त्यांमागें आहे.

गांवांतील मिरासदार व उपरी हा भेदही येथेंच समजतो. मिरासदार म्हणजे थळकरी, ज्याचें थळ त्याच्या घराण्याच्या नांवानें चालतें, जो पांढरींतला मानकरी. उपरी हा बाहेरचा, कौलानें जमीन करणारा, केव्हांही उठून जाऊं शकणारा. आजच्या दृष्टीनें पाहणाऱ्यास उपरी हा दुबळा वाटतो. परंतु त्याच्या पायांत बळ होतें. जातों म्हटलें कीं पाटलास त्याची समजूत काढावी लागे. थळझाड्यांत गतकुळी जमिनी ज्या ठिकठिकाणीं नोंदलेल्या सांपडतात, म्हणजे ज्यांचें कूळ नष्ट झालें त्यांच्या जमिनी, त्या कसण्यास कोणी तरी हवाच होता. काळी आई असली तरी ती पांढरीची वाट पाहत बसलेली आई होती.

औत म्हटलें म्हणजे केवळ बैल नव्हेत, हें आम्हीं वर सुचविलें आहे. फाळ शेवटणारा लोहार, नांगर व पाभर भरणारा सुतार, मोट व नाडा सांभाळणारा चांभार, दोर वळणारा मांग, हे सर्व औताचेच अवयव. त्यांस खळ्यावर पेंढ्या व धान्य देऊन बांधून घ्यावयाचें, यास बलुतें म्हणतात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ च्या ग्रंथानंतर या विषयावर नवें लिहावें असें थोडेंच आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं बलुतें हा भांडवलाच्या दुरुस्तीचा वार्षिक करार होता. पावसाच्या तोंडावर फाळ मोडला तर रोख पैसा नसतांनाही तो त्याच दिवशीं नीट होई, कारण त्याचा मोबदला पुढच्या खळ्यावर ठरलेला असे.

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १८३० त मेटकाफ यानें हिंदी ग्रामसंस्थांस लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तें वाक्य डोक्यावर घेऊन आम्ही स्वतः कित्येक वर्षें व्याख्यानांतून गांवगाड्याच्या स्वयंपूर्णतेचें गुणगान केलें. आज तें आमच्या हातून होणार नाहीं. कारण मनांत असा प्रश्न येतो कीं, माणूसबळ दुर्मीळ होतें तर अंगबळावर जगणाऱ्याची मजुरी वाढावयास हवी होती. ती कां वाढली नाहीं? उपऱ्या कुणब्यास उठून जातां येत होतें, म्हणून त्यास इस्तावा मिळाला. ज्यास उठून जातां येत नव्हतें त्यास कांहीं मिळालें नाहीं. महार हा गांवचा पिढीजाद वतनदार. सीमा राखणें, सरकारी सारा पोंचविणें, निरोप नेणें, वेठीस जाणें हें सर्व त्याच्याकडे, आणि मोबदला हाडोळ्याची इनाम जमीन व खळ्यावरचें बलुतें. हें वतन म्हणजे मान, असें आपण म्हणत आलों. परंतु त्यानें मनुष्यास गांवाशीं असें जखडलें कीं, दुर्मीळ असूनही त्यास आपल्या दुर्मिळतेचें मोल मागतां येऊं नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ त मुंबई कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक आणलें तेव्हां त्यांनीं नेमकें याच ठिकाणीं बोट ठेविलें होतें. तीं वतनें अखेर १९५८ च्या कायद्यानें गेलीं. कौटिल्याच्या पंचमांशाची आठवण आम्हीं ठेवावयास सांगितली ती याकरितां. राज्यास कसणारीं माणसें कमी पडत होतीं, म्हणून खालच्या माणसास अधिक मिळत होतें, असें समजण्याचें कारण नाहीं.

पेशवाईच्या अखेरीस गांवशेतीची स्थिति कशी होती, याचें एक नामी चित्र डॉ. थॉमस कोट्स याच्या लेखांत आहे. पुण्याजवळच्या लोणी गांवाची पाहणी करून त्यानें तो १८२० त मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढें वाचला. इंग्रजी अंमल नुकताच बसलेला. १८०२ ची होळकरांची धामधूम व १८०३–०४ चा दुष्काळ लोकांच्या आठवणींत ताजा. लोणीचें एकंदर क्षेत्र ३,६६९ एकर, त्यांपैकीं लागवडीचें १,९५५. बाकी बहुतेक गुरांच्या चराईसाठीं. हे आंकडे आम्हीं प्रथम पाहिले तेव्हां चराईचें क्षेत्र वायां गेलेलें वाटलें. तसें तें नव्हे. तो बैलाचा वांटा होता. गांवची जवळजवळ निम्मी जमीन बैलास देऊन उरलेली निम्मी त्याच्याकडून नांगरून घ्यावयाची, असा हा सौदा. जमिनीच्या मानानें बैलाची किंमत काय होती याचें हें मापच होय.

त्याच लेखांत दुसरा आंकडा आहे तो कर्जाचा. गांवच्या ८४ शेतकरी घरांपैकीं पंधरासोळा सोडून बाकी सर्व ऋणांत होतीं. तेव्हां सावकारी ही इंग्रजांनीं आणली, हा समज टाकावा लागतो. परंतु फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ज्या गांवीं पड जमीन मागेल त्यास कौलानें मिळते तेथें जमीन गहाण घेऊन सावकारानें करावें काय? त्याची नजर शिवारावर नसून खळ्यावर असे. कुणबी बुडाला तर सावकाराचेंही बुडे. म्हणून तो त्यास बुडूं देत नसे, आणि वरही येऊं देत नसे.

हें पारडें फिरलें कसें, तें आतां पाहूं. १८३० च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्यानें पुणें प्रांतीं जमिनीची पाहणी केली. हा गृहस्थ विलायतेंत अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न काढून त्याचा शेकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा, असा त्याचा सिद्धांत. जमिनीच्या प्रतीवरून खंड ठरतो, हें इंग्लंडांत शिकलेलें तत्त्व त्यानें येथें लाविलें. पण येथें एकाच प्रतीच्या दोन शेतांचें उत्पन्न, एकाचे बैल धट्टेकट्टे व दुसऱ्याचे मरतुकडे असल्यास, सारखें कधींच येत नसे. परिणाम असा झाला कीं, रयतेनें जमिनी सोडल्या, आणि पुष्कळ कुणबी निजामाच्या मुलुखांत निघून गेले. उपऱ्याचें पायांतलें बळ इतिहासांत मोठ्या प्रमाणावर दिसलें तें या वेळीं बहुधा शेवटचेंच. पुढें १८३६ त गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत दर पुष्कळ खालीं आणून तीस वर्षांची जमाबंदी बांधून दिली, आणि पड जमीन झपाट्यानें लागवडीस आली.

विंगेटच्या पद्धतीची स्तुति आजवर पुष्कळ झाली, आणि तींत तथ्य आहे. परंतु तिचा एक परिणाम असा कीं, जमिनीस नंबर मिळाला, नंबरास धनी मिळाला, आणि धन्यास ती विकण्याचा व गहाण टाकण्याचा निर्वेध हक्क मिळाला. इकडे शांततेमुळें माणसें वाढलीं, पड संपत आली, गायरानें व माळ नांगराखालीं गेले. एका पिढींत जमीन दुर्मीळ झाली व सावकाराची नजर खळ्यावरून शिवारावर आली. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, १८६१ ते १८६५, कापसास सोन्याचा भाव आला, पत वाढली, कर्ज वाढलें. भाव कोसळल्यावर कर्ज तेवढें राहिलें. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, हें सर्वांस विदित आहे. त्यांचा राग व्याजावर होता त्याहून अधिक जमीन जाण्यावर होता, असें आमचें मत आहे. लोणीच्या १८२० च्या कुणब्यास त्या रागाचा अर्थ कळला नसता. सरकारनें १८७९ त शेतकऱ्यांस साह्य देणारा कायदा केला, आणि १८८३ व १८८४ त तगाईचे कायदे केले. तगाईंत पुनः बैल, बियाणें व विहीर यांसाठीं पैसा देण्याची तजवीज होती. पण १६७६ च्या पत्रांत पड जमीन हात जोडून उभी होती. १८८४ त ती नव्हती, आणि व्याजही होतें.

पारडें किती फिरलें याचा आंकडा डॉ. हॅरॉल्ड मान यांनीं १९१७ त प्रसिद्ध केलेल्या पिंपळें सौदागर गांवाच्या पाहणींत आहे. त्या गांवीं सरासरी धारणक्षेत्र १७७१ त ४० एकर होतें, १८१८ त साडेसतरा, १८२० ते १८४० पर्यंत १४, आणि १९१४–१५ त ७ एकर. १५६ खातेदारांचे मिळून ७२९ तुकडे. त्यांतील ४६३ एका एकराहून लहान, आणि ११२ तर दहा गुंठ्यांहूनही लहान. दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत आठबैली नांगर नेला तर तो वळवावयासच निम्मी जागा जाते. सात एकरांचा धनी एक जोडी वर्षभर पोसूं शकत नाहीं, आणि जोडीवांचून त्याचें चालत नाहीं. गायरान गेलें, म्हणून बैलाचा चारा शेतांतूनच काढावयाचा. म्हणजे बैल हा माणसाच्या भाकरींत वांटेकरी झाला. जें औत एके काळीं जमिनीचें मोल ठरवीत होतें तें आतां जमिनीस जड झालें. आमच्या मतें दख्खनच्या शेतीच्या इतिहासांतील खरी क्रांति ती हीच. ती कोणत्याही एका वर्षीं झाली नाहीं, म्हणून तिला सनावळींत जागा मिळाली नाहीं.

पुढचें सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलें आहे. महाराष्ट्रांतील सरासरी धारणक्षेत्र १९७०–७१ च्या कृषिगणनेंत ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५–१६ च्या गणनेंत १.३४ हेक्टर भरलें.

आमच्या संशोधक बंधूंस विनंति अशी कीं, खाजगी दफ्तरें चाळतांना बिघे व चाहूर यांच्याबरोबर बैलांची, औतांची व तगाईची जेथें जेथें मोजदाद आढळेल ती स्वतंत्र टिपून ठेवावी. वतनाचे निवाडे व महजर आपण फार जपले. बैल कितीस घेतला, कोणाकडून, कोणत्या महिन्यांत, या चिठोऱ्यांकडे लक्ष दिलें नाहीं.

ज्या मुलाच्या प्रश्नावरून हा लेख सुचला तो गेल्या दिवाळींत भेटावयास आला होता. आतां तो पन्नाशीकडे झुकला आहे. बैल केव्हांच विकले, गोठ्यांत दुचाकी उभी असते, आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनें तासाच्या दरानें होते. तुकडे लहान, वळणांतच वेळ जातो, म्हणून तो, त्याचे दोघे चुलतभाऊ व एक शेजारी असे चौघे मिळून एकाच दिवशीं ट्रॅक्टर बोलावतात, मधले बांध तेवढ्यापुरते मोकळे करतात आणि भाडें गुंठ्यांप्रमाणें वांटून घेतात. आम्हीं त्यास वारंगुळा हा शब्द सांगितला. त्यानें तो कधीं ऐकला नव्हता. दोनदां म्हणून पाहिला, आणि खिशांतल्या वहींत लिहून घेतला.